वर्गातल्या मुलाचा डीएनआर: त्या क्षणी मी काय करायचं?

रानजाई | ८ सप्टेंबर, रात्री १०:४०

इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचितच. पण आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

मी अमेरिकेत एका सरकारी शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वर्गात मदतनीस आहे. इथे पॅराएज्युकेटर म्हणतात. शिक्षिका एक, आम्ही तिघी, मुलं सात. भरवायचं, बदलायचं, खुर्चीतून उचलून गादीवर घ्यायचं, हातात हात धरून रंगवायचं, हे सगळं आमच्याकडे.

यंदा वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा आलाय. त्याला इथे किट्टू म्हणते. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदललेत. मेंदूचा आजार आहे, वाढत जाणारा, बरा न होणारा. बोलत नाही. पाण्याच्या आवाजावर मात्र त्याचा भारी जीव. हात धुवायला नळ सोडला की मान वळवतो, आणि एरवी घट्ट मिटलेली डावी मूठ हळूहळू उघडते. एकेक बोट करत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नळ बंद करायचंच विसरले.

शुक्रवारी शाळा सुटताना त्याच्या आईने शिक्षिकेच्या हातात एक गुलाबी फॉर्म दिला. डीएनआर, म्हणजे 'डू नॉट रिससिटेट'. डॉक्टरांची सही, आईवडिलांची सही. हृदय किंवा श्वास थांबला तर छाती दाबायची नाही, घशात नळी घालायची नाही. आज मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितलं की डिस्ट्रिक्टची, म्हणजे या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाची, पद्धत ठरलेली आहे: ९११ या आपत्कालीन नंबरला फोन आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय चालतं ठेवायचं, कागद असो वा नसो. शिक्षिका म्हणाली, आईवडिलांच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. नर्स दोन शाळांत अर्धा-अर्धा दिवस असते, ती म्हणाली बघते. पाच मिनिटांत बैठक संपली आणि मी किट्टूला जेवण भरवायला गेले.

सीपीआर मला येतो. दर दोन वर्षांनी प्रशिक्षण होतं, हातांना सवय आहे. तसं काही झालं तर त्याच्या सगळ्यात जवळ मीच असणार, कारण दिवसातले पाच तास तो माझ्याकडेच असतो. मी कुणाचं ऐकायचं? आणि खरं सांगू का, नियम बाजूला ठेवले तरी मला काय करावंसं वाटेल तेच मला कळत नाहीये. नऊ वर्षांचं लेकरू डोळ्यांदेखत निळं पडतंय आणि मी हात बांधून उभी?

शिंपला | ८ सप्टेंबर, रात्री ११:१५

वाचूनच पोटात गोळा आला. मीही इथेच शिकवते, तिसरीला. माझं मत स्पष्ट आहे. पालक आपल्या भरवशावर मूल सोडून जातात. ते समोर कोसळलंय आणि आपण कागद वाचत बसायचं? माझ्याच्याने होणार नाही. उद्या कळलं की आईवडिलांपैकी एकाचं मन बदललं होतं, किंवा कागद जुना होता, तर? सीपीआर करावा, पुढचं हॉस्पिटल बघेल. केल्याचा पश्चात्ताप परवडला, न केल्याचा आयुष्यभर पुरेल.

आणि राग मानू नका, पण मूल इतकं नाजूक असेल तर ते घरीच जास्त सुखात नाही का राहणार?

वाटसरू_७२ | ९ सप्टेंबर, सकाळी ६:०५

शिंपला, राग नाही. हाच प्रश्न आम्हाला घरच्या माणसांनीही विचारला होता.

आमची मुलगी अकराव्या वर्षी गेली. तिला शाळा आवडायची. सकाळी बसचं दार फुस्सकन उघडलं की पाय हलवायची. शनिवार-रविवार बस यायची नाही, मग दुपारपर्यंत खिडकीकडे तोंड करून असायची. हाताशी दिवस मोजके आहेत हे कळल्यावर ते चार भिंतींत काढायचे की तिला आवडतं तिथे, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही.

डीएनआरला मात्र दीड वर्ष लागलं. तीनदा ती व्हेंटिलेटरवर गेली. तिसऱ्या वेळी नळी काढली आणि तिचा आवाजच गेला. रडायची, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, आणि खोलीत चिडीचूप. तिला कुशीवर वळवायला गेलं तरी तसंच. त्यानंतर आम्ही सही केली. सही करताना पेन चालेना, डॉक्टरांनी खिशातलं काढून दिलं. ते पेन निळं होतं, एवढंच त्या दिवसातलं मला धड आठवतं.

शाळा आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, आईवडिलांपैकी एकाने रोज शाळेत थांबायचं, म्हणजे वेळ आली तर तुमचं तुम्ही बघा. बायकोने नोकरी सोडली. वर्गात बसायची परवानगी नव्हती, म्हणून सहा महिने ती बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसली. मुलगी गेली ती रविवारी पहाटे, घरी, आमच्या दोघांच्या मधे. शाळेत काहीच झालं नाही. पण तिच्या शेवटच्या सहा महिन्यांतले दिवस तिच्या आईने दाराबाहेर काढले, हे मला अजून सहन होत नाही.

रानजाई, आम्हाला फार काही नको होतं. तिला फरशीवर टाकून अनोळखी हातांनी दाबू नये, आणि ओळखीच्या कुणीतरी जवळ घेऊन तिचं नाव घेत राहावं. बस.

कोरांटी | ९ सप्टेंबर, सकाळी ८:३०

वाटसरू, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना. ती खुर्ची डोळ्यांसमोरून जात नाही.

मी शाळेत नर्स आहे, चौदा वर्षं झाली. रानजाई, तपशील बदललेत हे बरं केलंत. विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गुप्ततेसाठी १९७४ चा फर्पा कायदा आहे, म्हणून यापुढेही राज्य, आजाराचं नाव, काहीच लिहू नका.

आता तुमच्या 'हात बांधून उभी' बद्दल. शाळेत डीएनआर आला की पहिला गैरसमज हाच होतो की आता या मुलासाठी काही करायचं नाही. कागदाचा अर्थ एवढाच की हृदय किंवा श्वास थांबल्यावर तो पुन्हा चालू करायची खटपट करायची नाही. त्याच्या अलीकडचं सगळं करायचंच. घास अडकला तर काढायचा. फिट आली तर फिटचं औषध द्यायचं. कफ दाटला तर सक्शन, म्हणजे यंत्राने तो ओढून काढायचा. डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर ऑक्सिजन. पडलं, खरचटलं, रक्त आलं, तर वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलासारखं. आणि दुखत असेल तर दुखणं थांबवायचं, ते तर सगळ्यात आधी. हात बांधायचे नाहीत, हातांना दुसरं काम द्यायचं. आमच्याकडे अशा योजनेत मी 'काय करायचं नाही' ही एकच ओळ ठेवते आणि 'काय करायचं' याचं पान भरते.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने शाळेतल्या डीएनआरवर २००० साली निवेदन काढलं, २०१० मध्ये ते नव्याने मांडलं. पालक, मुलाचे डॉक्टर, नर्स, शिक्षक, शाळेचे वकील आणि गावातली अँब्युलन्स सेवा, सगळ्यांनी एकत्र बसून त्या एका मुलापुरती लेखी योजना करायची, आणि ती वेळोवेळी पुन्हा तपासायची. पालकांनी कागद दिला, शाळेने फायलीत लावला, असं चालत नाही. तसंच पालकांनी कागद दिला आणि शाळेने 'आमची पद्धत वेगळी' म्हणून परत केला, असंही नाही.

होतं मात्र तेच. २००५ मध्ये मोठ्या डिस्ट्रिक्टांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती, ८१ डिस्ट्रिक्टांची. ८० टक्के ठिकाणी लेखी धोरणच नव्हतं, आणि ७६ टक्के एकतर कागद पाळणार नव्हते किंवा पाळता येईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तुमची पाच मिनिटांची बैठक त्याच जातीची आहे. मुख्याध्यापक वाईट नाहीत, घाबरलेत. लेखी विनंती करा की पूर्ण बैठक हवी, आणि त्यात तुम्ही हव्यात. मदतनिसांना बोलवायचं लोक विसरतात, आणि मूल असतं त्यांच्याच मांडीवर.

न्याहाळ | ९ सप्टेंबर, दुपारी १:२०

अपंग मुलांच्या शिक्षणहक्काच्या प्रकरणांत काम करते, म्हणून कायद्याची बाजू लिहिते. हा सल्ला नाही, सल्ला तुमच्या राज्यातल्या वकिलाचाच घ्या.

आधी शिंपलांचा 'घरी का नाही'. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९७५ चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा, ज्याला आता आयडिया म्हणतात, यांनी ते दार उघडलं. त्याआधी अशी मुलं खरोखरच घरी किंवा संस्थांत असत. नंतर शाळा म्हणू लागल्या, शिकवू, पण ही वैद्यकीय कामं आमची नव्हेत. १९८४ मध्ये टॅट्रो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीला दिवसभरात कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी नळी, लावायला लागत असेल तर ते शाळेने करायचं. १९९९ मध्ये गॅरेट एफ. च्या खटल्यात व्हेंटिलेटरवरच्या मुलालाही दिवसभराची नर्सिंग सेवा शाळेने पुरवायची असा निकाल झाला. म्हणजे किट्टू शाळेत आहे तो कुणाच्या मेहेरबानीने नाही.

डीएनआरबद्दल मात्र देशभर लागू असा एक नियम नाही, राज्याराज्यांत फरक आहे. रुग्णालयाबाहेरच्या डीएनआरचे कायदे लिहिले गेले ते मुख्यतः अँब्युलन्सच्या लोकांसाठी. फॉर्म पाळला तर तुमच्यावर खटला नाही, हे संरक्षण त्यांना स्पष्ट मिळतं. शिक्षकाला किंवा मदतनिसाला ते मिळतं की नाही याबद्दल कित्येक कायदे गप्प आहेत. डिस्ट्रिक्टची भीती तिथून येते, ती अगदीच निराधार नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. १९९४ मध्ये मेरीलँड राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, मत दिलं की शाळेने असा वैध आदेश मानायला हवा. १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दोन शाळा कोर्टात गेल्या होत्या, निकालपत्रात त्यांची नावंही एबीसी आणि डीईएफ अशी झाकलेली आहेत. त्यांनाही आदेश पाळायचा नव्हता. कोर्टाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं नाही. 'आम्ही सरसकट सगळ्यांना सीपीआर करतो' हे वाक्य सुरक्षित वाटतं, पण पालक आणि डॉक्टर दोघांनी नाही म्हटलेला उपचार मुलावर करण्यातही कायद्याची जोखीम आहे, हे डिस्ट्रिक्टच्या वकिलाला आठवण करून द्यायला हवं.

रानजाई | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापकांना ईमेल लिहिली. तीनदा खोडली, चौथ्यांदा पाठवली.

एक शंका. कोरांटीताई, घास अडकला तर काढायचा म्हणालात. पण घास अडकूनच हृदय थांबलं तर? तेव्हा तो आजाराने जात नसतो, माझ्या चमच्याने जात असतो.

कदंब | १० सप्टेंबर, सकाळी ७:१०

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. रानजाई, तुमचा शेवटचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि फॉर्मवर त्याला रकानाच नसतो. अनेक पालक म्हणतात, आजाराने गेला तर जाऊ द्या, पण घास अडकला, बस आदळली, मधमाशी चावली, तर सगळं करा. काही म्हणतात, कशानेही थांबलं तरी नको, कारण परत आला तरी आत्ता आहे त्याहून वाईट अवस्थेत येईल. दोन्हींत काही चूक नाही. चूक आहे ती हे आधी न विचारण्यात. डॉक्टरांकडून हे स्वतंत्र वाक्यात लिहून घ्या. तुमच्यावर त्या क्षणी ठरवायची वेळ येता कामा नये.

सीपीआर म्हणजे नक्की काय, तेही थोडं लिहितो, कारण सिनेमात दोन-चारदा दाबलं की माणूस खोकून उठतो. मुलाच्या छातीची एक तृतीयांश खोली, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. जी मुलं कधी उभी राहिली नाहीत त्यांची हाडं ठिसूळ असतात, कपडे घालतानाही मोडू शकतात. दाबताना काय होतं ते मी हाताखाली अनुभवलंय, वर्णन करत नाही.

छाती बाहेरून दाबून हृदय चालतं ठेवण्याची ही पद्धत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९६० साली मांडली. भूल देताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांचं हृदय अचानक थांबलं, म्हणजे जे एरवी जगलेच असते, अशा लोकांवर ती सिद्ध झाली. पुढे ती सगळ्यांवर वापरू लागले, अगदी मरणाच्या दारातल्या माणसावरही. १९७४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलं गेलं की बरा न होणारा आजार शेवटाला पोचलाय आणि मृत्यू अपेक्षित आहे तिथे सीपीआर करू नये. १९७६ मध्ये बॉस्टनच्या रुग्णालयांनी आपापली लेखी धोरणं प्रसिद्ध केली. डीएनआर आला तो तिथून, सीपीआर चुकीच्या माणसावर होऊ नये म्हणून.

शिंपला, तुमच्या वर्गातलं धडधाकट मूल मैदानावर धावता धावता कोसळलं तर क्षणाचाही विचार करू नका. तिथे हृदयाची लय बिघडलेली असते. ताबडतोब छाती दाबली आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लावलं तर मूल खरोखर वाचतं. तुमचे हात त्याच्यासाठी शिकलेत आणि ते शिकलेलेच राहू द्या. किट्टूचं हृदय थांबेल ते सगळ्यात शेवटी. श्वास, रक्तदाब, मेंदू, एकेक दिवा विझत गेल्यावर.

पिंपळपान | १० सप्टेंबर, दुपारी ४:४५

मला थोडं वेगळं बोलायचंय, आणि ते कुणाच्या विरोधात नाही.

मला एसएमए टाइप २ आहे, स्नायू दुबळे करत जाणारा जन्मजात आजार. मी चार वर्षांची असताना डॉक्टरांनी माझ्या आईवडिलांना खोलीबाहेर नेऊन विचारलं होतं की पुढच्या न्यूमोनियाला काय करायचं. आई म्हणाली, सगळं करायचं. आता मी छत्तीस वर्षांची आहे, नोकरी करते, हे सगळं अंगठ्याने टाइप करते. माझ्या आजारावर माझ्या लहानपणी काहीच औषध नव्हतं. पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर २०१६ मध्ये.

म्हणून असा कागद दिसला की माझ्या छातीत धस्स होतं. आमच्यासारख्यांकडे बघून लोकांच्या मनात 'हे काय जगणं' असं येतं, आणि ते मनात आलेलं उपचारात उतरतं. १९९६ मध्ये इथे अपंग लोकांनीच 'नॉट डेड येट' ही संघटना काढली ती याच भीतीतून. शाळेत कागद आला की त्या मुलाकडे बघायची नजर बदलते का? त्याचा ताप उशिरा बघितला जातो का? सहलीला त्याला मागे ठेवतात का? मी शाळेत असताना आगीची तालीम झाली की मला जिन्यापाशी ठेवून सगळे खाली जायचे. मी एकटी, वर घंटा वाजतेय. कुणी वाईट नव्हतं. कुणाच्या यादीत मी नव्हते, एवढंच.

रानजाई, बैठकीत दोन गोष्टी विचारा. हा कागद पुन्हा कधी तपासणार? आणि किट्टूला स्वतःला काय हवंय, हे ज्या प्रकारे समजतं त्या प्रकारे कुणी समजून घेतलंय का? त्याची मूठ पाण्याला उघडते, हे त्याच्या डॉक्टरांना माहीत आहे का?

वाटसरू_७२ | १० सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

पिंपळपान, तुमचं म्हणणं मला बोचलं, आणि बोचायलाच हवं होतं. आम्ही सही केल्यावरही दर तीन महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, अजून तेच मनात आहे ना? दर वेळी पुन्हा तेवढंच दुखायचं. तरी ते विचारायचे हे चांगलंच होतं.

रात्रपाळी | ११ सप्टेंबर, पहाटे ३:२०

अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे, ड्यूटीवरून लिहितोय.

आम्ही पोचलो आणि वैध फॉर्म किंवा राज्याचं मान्यताप्राप्त ब्रेसलेट समोर नसेल तर आम्हाला सुरू करावंच लागतं. 'आहे हो कुठेतरी' यावर आम्ही थांबू शकत नाही. एका घरी आजींचा फॉर्म कपाटाच्या खणात विमा-कागदांखाली होता. मुलाला तो सापडेपर्यंत आम्ही अकरा मिनिटं आजींची छाती दाबत होतो, आणि तो मुलगा खण उपसत ओरडत होता, थांबा, थांबा. मला ते घर विसरता येत नाही.

म्हणून फॉर्म ऑफिसच्या कुलपात नको, मुलाबरोबर हवा. खुर्चीच्या मागच्या खिशात, ठरलेल्या रंगाच्या पाकिटात. आणि तुमच्या भागातल्या अँब्युलन्स स्टेशनला आधी कळवून ठेवा. आणखी एक, हे कुणी सांगत नाही: ९११ ला फोन केला की पलीकडचा माणूस फोनवरच छाती दाबायला सांगू लागतो, ते त्याचं काम आहे. फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असू दे, की या मुलाचा वैध डीएनआर आहे आणि फॉर्म आमच्या हातात आहे. पाठ करून ठेवा. घाबरल्यावर पाठ केलेलंच तोंडातून येतं.

शिंपला | ११ सप्टेंबर, रात्री ८:००

तीन दिवस सगळं वाचतेय. वाटसरू, 'घरी का नाही' हे मी लिहायला नको होतं. माफ करा.

सीपीआरबद्दल माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही, खोटं कशाला बोलू. कदंब यांनी समजावलेला फरक कळला. तरी माझ्या हातून होईल का, माहीत नाही.

आणि बाकीच्या सहा मुलांचं काय? ती तिथेच असणार. त्यांच्यातली काही बोलून दाखवू शकणार नाहीत की त्यांना काय दिसलं.

कोरांटी | ११ सप्टेंबर, रात्री ९:१५

शिंपला, माफी मागितलीत ते आवडलं. आणि तुमच्या हातून होणार नसेल तर ते आधी सांगणं हाच प्रामाणिकपणा. ज्याला जमणार नाही त्याला त्या मुलाजवळ नेमू नये, आणि त्याबद्दल त्याला दोषही देऊ नये.

बाकीच्या मुलांसाठी आम्ही एक साधं वाक्य ठरवतो. ते उच्चारलं की दोघीजणी मुलांना घेऊन ठरलेल्या खोलीत जातात, तिसरी मुलाजवळ थांबते, चौथी फोन करते. याची तालीम आम्ही आगीच्या तालमीसारखीच करतो. पिंपळपानचं वाचल्यावर पुढच्या वेळी मी त्या यादीत प्रत्येक मुलाचं नाव आणि कोण कुणाला नेणार ते लिहीन. आणि हो, सीपीआर चाललेला असला तरी मुलांना ते दिसतंच, उलट ते जास्त भयंकर दिसतं. निवांत जाणारं मूल आणि त्याला जवळ घेतलेली ओळखीची बाई, यातलं मुलांनी काय बघितलेलं बरं, याचा विचार करा.

रानजाई | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

बैठक झाली. एक तास चाळीस मिनिटं. आई, वडील, त्यांचे डॉक्टर फोनवर, डिस्ट्रिक्टचे वकील, दोन्ही शाळांच्या मधे धावणारी नर्स, मुख्याध्यापक, शिक्षिका, आम्ही तिघी, आणि अँब्युलन्स स्टेशनवरून एकजण. रात्रपाळी, तो माणूस येणार हे तुमच्यामुळे झालं.

वकिलांनी पहिली वीस मिनिटं आपल्याच कागदांतून मान वर काढली नाही. मग मी चमच्याचा प्रश्न विचारला. किट्टूच्या वडिलांनी हाताने तोंड झाकलं. डॉक्टर फोनवर म्हणाले की हे मी विचारायला हवं होतं. ते लिहिलं गेलं: घास अडकल्यास सगळं करायचं, सीपीआरसुद्धा. बाकी कशानेही थांबलं तर नाही. आता मला भरवताना माझा हात कापत नाही.

दर तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं ठरलं, आणि त्याआधी मध्ये काही बदललं तर लगेच. पिंपळपान, मुठीबद्दल मी सांगितलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. आईला होतं, पण घरी ती अंघोळीच्या वेळी उघडते म्हणून तिला वाटायचं कोमट पाण्यामुळे असेल. आवाजाला उघडते हे तिला आमच्याकडून कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. योजनेत 'काय करायचं' या पानावर तिने स्वतः एक ओळ घालायला लावली, की शक्य असेल तर सिंकजवळच्या गादीवर घ्या आणि नळ चालू ठेवा.

आमच्यातल्या एकीने सांगितलं की मला जमणार नाही. तिला दुसरं मूल दिलं, कुणी एक शब्द बोललं नाही. मी हो म्हटलं. का ते नीट सांगता येणार नाही. वाटसरूंची ती पॅसेजमधली खुर्ची डोक्यात होती.

वकिलांची अजून पक्की सही व्हायची आहे, पण ते म्हणाले की डॉक्टरांनी सही केलेली लेखी योजना असेल तर डिस्ट्रिक्ट ती पाळेल. आगीच्या तालमीची यादीही मागून घेतली. किट्टूचं नाव त्यात नव्हतं. आता आहे, माझ्या नावासमोर.

रात्रपाळी | ४ ऑक्टोबर, पहाटे ४:०५

फार चांगलं केलंत. बसवाल्याला सांगितलं का? आणि तुम्ही रजेवर असाल त्या दिवशी बदली येईल तिला कोण सांगणार?

रानजाई | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

बस! कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी चाळीस मिनिटं तो बसमध्ये असतो. आजच बोलते.

रानजाई | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३०

बदलीच्या बाईंसाठी शिक्षिकेने फळ्याच्या मागे ठेवलेल्या फायलीत पहिल्याच पानावर योजना लावलीय, नाव झाकून, आणि नर्स सकाळी येऊन तोंडी सांगेल असं ठरलंय.

बसचे चालक साठीचे गृहस्थ आहेत, त्यांच्याबरोबर एक मदतनीस मुलगी असते. पालकांच्या परवानगीने नर्सने दोघांना बसवून वाचून दाखवलं. ती मुलगी रडली. चालकांनी कागद स्वतः पुन्हा एकदा वाचला, मग त्यांनी एकच विचारलं. त्या वेळी बस थांबवायची कुठे? त्यांच्या रस्त्यावर दोन शाळा, एक पुलाखालचा वळसा आणि एक मोठं मैदान आहे. म्हणाले, पुलाखाली ट्रक फार जातात, गोंगाट असतो, तिथे नको. मैदानापाशी झाडं आहेत, मी तिथवर नेईन, आणि बाकीच्या चार मुलांसाठी दुसरी बस बोलवीन.

नर्सने ते मैदान योजनेत लिहून घेतलं.

वाटसरू_७२ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:४०

त्यांना माझा नमस्कार सांगा.